पंपाचं टायमिंग: 0.90 दिसलं, पण ते 0.90 नव्हतं

मागच्या नोंदीत टायमिंग बेल्ट बसवून थांबलो होतो. डायल गेज (बारीक सरक काट्यावर दाखवणारं मापक) लावून डिझेल पंपाचं टायमिंग, म्हणजे पंप सिलिंडरला डिझेल नेमकं कधी देतो ते, तपासायचं राहिलं होतं, ते या शनिवार-रविवारी केलं. खरं तर दोनदा केलं.

इंजिन डिझेलचं, 1.6 लिटर, चार सिलिंडर, प्री-चेंबरवालं (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं). पंप बॉशचा व्हीई. या पंपात चारही सिलिंडरसाठी प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) एकच. तो स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता मागे-पुढेही होतो, कारण त्याला जोडलेली कॅम प्लेट रोलरवरून चढते-उतरते. एक नंबर सिलिंडर टीडीसीला (पिस्टन अगदी वर) आला की प्लंजर किती सरकलेला आहे, ते मोजायचं. माझ्या मॅन्युअलमध्ये 0.90 मिमी दिलंय, फरक चालतो तो जेमतेम 0.02 चा.

हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करायच्या आधी आतून तापवणारे) काढून ठेवले, म्हणजे क्रँक हाताने फिरवताना कॉम्प्रेशनशी झुंज नको. सिलिंडरकडे डिझेल नेणाऱ्या चार लाईनींच्या मधोमध पंपाच्या डोक्यात एक बोल्ट असतो, तो काढून अडॅप्टर बसवला आणि त्यात गेज, 2.5 मिमी दाब देऊन. मग क्रँक उलटा फिरवत गेलो. काटा उतरत उतरत एका जागी थांबतो आणि त्यापुढे फिरवलं तरी हलत नाही. तिथे शून्य लावायचं आणि सुलट फिरवत फ्लायव्हीलच्या खुणेवर यायचं. खूण केसभर ओलांडली तर केसभर मागे येऊन चालत नाही, बेल्टची ढिलाई मापात शिरते. पाव फेरी मागे जा आणि पुन्हा सुलट या. हे मी तीनदा केलं, तिन्ही वेळा 1.12.

आधी बेल्टवरच संशय गेला. पण एक दात चुकला असता तर फरक याच्या कितीतरी पट आला असता, शिवाय पंपाच्या पुलीत तिची जागा ठरवणारी पिन सहज जात होती. मग ठरवलं, आधीच्या कुणीतरी पंप कानाने लावला असणार. लाईनींचे नट सैल केले (दोन पाने लावून, नाहीतर खालचा डिलिव्हरी व्हॉल्व्हही सोबत फिरतो), पंपाचे बोल्ट ढिले केले आणि बॉडी पंपाच्या फिरण्याच्या दिशेने किंचित वळवली. त्या दिशेला टायमिंग मागे जातं, म्हणजे डिझेल उशिरा सुटतं; उलट दिशेला पुढे. बोल्ट आवळताना काटा 0.03 ने सरकला, म्हणून तेवढा अंदाज धरून पुन्हा लावलं. 0.90. खूश होऊन हात धुतले.

रविवारी सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी दमली तेव्हा कुठे इंजिन धरलं. डोळे चुरचुरतील असा पांढरा धूर आणि पिकअप मेलेला. टायमिंग मागे गेल्याची सगळी लक्षणं, आणि गेज मात्र 0.90 म्हणत होता.

गेज परत लावला, माप पुन्हा तेच. क्रँक टीडीसीवर ठेवून पंपाभोवती एकेक गोष्ट हाताने चाचपत होतो, तेव्हा कोल्ड स्टार्टच्या लिव्हरला बोट लागलं. लिव्हर हलला आणि डोळ्यांदेखत काटा 0.90 वरून 0.68 वर उतरला. क्रँक जागचा हललेला नाही, पंप आवळलेला, तरी काटा खाली.

डॅशबोर्डवरची नॉब पूर्ण आत होती. पण केबल आवरणात गंजून आखडली होती आणि पंपाकडचा लिव्हर परत आलाच नव्हता. हा लिव्हर आतली रोलरची रिंग वळवतो, म्हणजे कॅम प्लेट रोलरवर लवकर चढते आणि थंड इंजिनसाठी टायमिंग पुढे जातं. मी तो पुढे ओढलेला असतानाच माप घेतलं. आता 1.12 मधून तेच 0.22 वजा करा. शनिवारी मी पाना लावायच्या आधी पंप बरोबर 0.90 वर होता!

गरम झाल्यावरही आयडलला इंजिन खडखड ठोकायचं, ते मी वयावर ढकलत होतो. तेही याच केबलचं काम. कानाने टायमिंग लावणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे: टायमिंग पुढे असलेलं इंजिन कानाला तरतरीत वाटतं, आत दाब किती चढतोय ते कानाला कळत नाही.

केबल लिव्हरपासून सोडवली, लिव्हर मागच्या स्टॉपला टेकतोय हे डोळ्यांनी पाहिलं आणि पंप परत वळवला. आवळल्यावर 0.91. आणखी छेडलं नाही. मधल्या बोल्टला नवीन तांब्याचा वॉशर, नोझलकडचे नट ढिले करून एअर काढली, आणि दुसऱ्या सेल्फला इंजिन चालू. धूर काही सेकंद आला, मग साफ. गरम आयडलला आवाज इतका मऊ की बॉनेट उघडून दोनदा ऐकला.

नवीन केबल येईपर्यंत कोल्ड स्टार्टशिवाय चालवतोय, सकाळी हीटरला थोडा जास्त वेळ देऊन. तीन नंबरच्या लाईनीला पंपाकडे ओल दिसतेय, बहुतेक नट तिरका बसलाय. तो उद्या उघडतो.