टूसॉनचा हिवाळा आणि लिंबाचा खड्डा

नोव्हेंबर लागला की मिनियापोलिसच्या घरातल्या पाइपांमधलं पाणी काढून टाकायचं, किल्ली शेजारी द्यायची आणि गाडी दक्षिणेला घ्यायची. हा आमचा चौथा हिवाळा. अडीच हजार किलोमीटरांच्या वर अंतर आहे. दमादमानं, मुक्काम करत आम्ही दोघं ॲरिझोनातल्या टूसॉनला पोहोचतो. बर्फ चुकवायला असे खाली उतरणारे निवृत्त लोक इथे पुष्कळ, त्यांना स्नोबर्ड म्हणतात.

घर छोटं आहे, १९५०च्या दशकातलं, सपाट छपराचं. भिंती कमी भाजलेल्या मातीच्या विटांच्या. आधीच्या कुणी ठेकेदारानं बाहेरून जाड प्लॅस्टिकसारखा रंग चोपडला होता. खालून चढलेली ओल आत कोंडली आणि तळाच्या दोन थरांतल्या विटांचा हाताला लागेल असा भुगा झाला. पहिले दोन हिवाळे आम्ही तो रंग खरवडण्यात घालवले. ह्यांनी एकेक कुजकी वीट छिन्नीनं काढून नवी बसवली, सांध्यात सिमेंटऐवजी चुन्याचा मसाला भरला. आता भिंतीला श्वास घेता येतो. तिसऱ्या वर्षी छपरावर पांढऱ्या रबरी रंगाचे दोन हात दिले. त्यासाठी दिवस कोरडा हवा, शिवाय रात्रीचं दव उडून जाईपर्यंत ब्रश टेकवायचा नाही. तोवर चहा प्यायचा आणि कॅटालिना डोंगरांवरचं ऊन खाली सरकताना बघायचं. त्या सकाळी मला फार आवडल्या.

एक दिवस काम, एक दिवस डोंगर, असा आमचा नेम. फेब्रुवारीत वॉसन शिखर केलं. टूसॉन डोंगररांगेतलं हे सर्वांत उंच टोक, ४,६८७ फूट. किंग कॅन्यनमधून चढायचं, जाऊन-येऊन साधारण अकरा किलोमीटर. सुरुवातीची वाट कोरड्या ओढ्याजवळून जाते. तिथल्या काळपट खडकांवर इथल्या प्राचीन होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी कोरलेली चक्रं आणि प्राणी आहेत. मी हात न लावता बराच वेळ उभी राहिले.

सगळ्या उतारावर सवारो. लिहिताना त्यात 'ग' येतो, पण म्हणायचं सवारोच. हे निवडुंग पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतं आणि पहिला फाटा फुटायला बहुधा पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात. एका पालो वेर्देच्या झाडाखाली मला अंगठ्याएवढं रोप दिसलं. मोठ्या झाडाच्या सावलीत ते ऊन-थंडीपासून वाचतं. मी ह्यांना हाक मारली, "अहो, बघा, हे आपल्या नातीच्या वयाचं असेल." दोघंही गुडघे टेकून बघत बसलो.

उठताना ह्यांची पोटरी चोयाला लागली. या निवडुंगाचे तुकडे नुसत्या स्पर्शानं सुटून चिकटतात, म्हणून लोक म्हणतात की तो उडी मारतो. काट्यांना बारीक उलटी खवलं असतात, बोटांनी ओढायला जाल तर तो हातालाही बसतो. मोठ्या दातांचा कंगवा तुकड्याखाली सरकवायचा आणि एका झटक्यात उडवायचा. माझ्या पाठपिशवीत म्हणूनच कंगवा आणि चिमटा कायम असतो. उरलेले सात काटे एकेक करून काढले. ह्यांनी हूं की चूं केलं नाही, पण माझा खांदा घट्ट धरला होता. माथ्यावर पोहोचलो तेव्हा नैर्ऋत्येला किट पीकवरच्या वेधशाळेचे पांढरे घुमट ठिपक्यांसारखे दिसत होते.

यंदाचं घरकाम म्हणजे मागच्या अंगणात कागदी लिंबू लावायचं. खड्डा दीड फुटावर गेला आणि कुदळ टण्णकन वाजली. खाली पांढुरका, सिमेंटसारखा थर. इथे त्याला कलीची म्हणतात. खड्डा पाण्यानं भरून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच.

संध्याकाळी सातला सांगली जिल्ह्यातल्या जतला दादाला फोन लावला, तिथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. ॲरिझोनात घड्याळं मागे-पुढे करत नाहीत, त्यामुळे हा साडेबारा तासांचा फरक वर्षभर पाठ. दादानं व्हिडिओवर खड्डा बघितला आणि म्हणाला, "अगं, ही तर आपली चुनखडी! पहार घाल आणि आरपार भोक पाड. न्हाईतर मुळ्या कुजत्यात बघ."

आमचे आप्पा डाळिंबाच्या खड्ड्यांत अशीच पहार घालायचे. पहार वर, मग खाली, मग थोडी फिरवून पुन्हा वर. तो आवाज मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. ह्यांनी आणि मी आळीपाळीनं पहार चालवली. पाचव्या दिवशी दुपारी ती अचानक हातभर खाली गेली आणि टोकाला तांबूस वाळू लागून वर आली.

मग पुन्हा पाणी भरलं. मी खड्ड्याच्या काठावर घड्याळ घेऊन बसले. पाणी इंचाइंचानं उतरत होतं, भोकापाशी बारीक भोवरा फिरत होता.

मार्चच्या मध्याला थंडीची भीती सरली तेव्हा रोप लावलं. बुंध्याला उन्हासाठी पांढरा रंग दिला, ठिबकची नळी टायमरला जोडली. उन्हाळ्यात शेजारच्या आजी लक्ष ठेवणार आहेत. मिनियापोलिसला निघायच्या आदल्या रात्री दादाचा निरोप आला: "पानं पिवळी पडली तर लोह घालायला सांग." मी तो शेजारच्या आजींसाठी इंग्रजीत लिहून त्यांच्या फ्रिजवर चिकटवून आले.