आमची वाटचाल : लेथच्या शेडपासून जुन्या ट्रॅक्टरपर्यंत

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं शेड आहे. आत दोन लेथ, एक ड्रिल, एक जुनी शेपिंग मशीन, आणि दारात कायम एखाददुसरा ट्रॅक्टर उघडलेला, बॉनेट एकीकडे, चाकं दुसरीकडे. वर्षानुवर्षं बांधावर किंवा वाडीत झाडाखाली उभे राहून गंजलेले जुने ट्रॅक्टर आम्ही परत चालते करतो. मी आणि माझा दीर, दोघं मिळून बघतो. मशीनवर तो आणि कारीगर, आणि पार्ट शोधणं, मापं, हिशोब, गिऱ्हाईक हे सगळं माझ्याकडे. शेतकरी मला बेन म्हणतात, कारीगर वहिनी म्हणतात, दोन्ही आता सवयीचं झालंय.

मुळात हे लेथचं काम माझ्या सासऱ्यांचं, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. आजेसासरे कलाभवनात शिकलेले, सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेलं ते कलाभवन, जे पुढे एम. एस. युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंगमध्ये गेलं. त्यामुळे घरात कॅलिपर आणि मायक्रोमीटर हे देवघरातल्या वस्तूंसारखे जपले जायचे, खंडेनवमीला पहिला हळदकुंकवाचा मान त्यांचा. अण्णा पंपांच्या कंपन्यांसाठी शाफ्ट आणि बुश (शाफ्ट किंवा पिन ज्यात बसते ती नळी) करून द्यायचे. पण मोठ्या कंपन्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवाल्यांकडे जायला लागल्या तसं आमचं काम कमी होत गेलं, आणि जे यायचं त्याचे पैसे चार-चार महिने अडकायचे.

अशात पादरा बाजूच्या एका पटेल काकांनी ट्रेलरवर घालून एक हिंदुस्तान ट्रॅक्टर आणला. त्यांच्या वडिलांनी घेतलेला, वाडीत रायणीच्या झाडाखाली कित्येक पावसाळे उभा. ते बऱ्याच गॅरेजला फिरून आले होते, सगळ्यांनी भंगारात द्यायला सांगितलं कारण पार्टच मिळत नाहीत. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की एक पिन आणि दोन बुश बनवून मिळतील का. अण्णा ट्रॅक्टरभोवती फिरले, हात लावून बघितला आणि म्हणाले, "हा तर आपल्या गावचा आहे, ह्याला भंगारात कसा घालायचा?"

आजच्या बडोद्यातल्या किती मुलांना हे माहीत असेल काय माहीत, पण आपल्या शहरातल्या विश्वामित्री भागात ट्रॅक्टर बनायचे. चेकोस्लोव्हाकियात ब्रनो शहरातली झेटर कंपनी, त्यांच्या तंत्रावर हिंदुस्तान ट्रॅक्टर्सने १९६० च्या दशकात इथे ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. पुढे कंपनी अडचणीत आली, गुजरात सरकारने हातात घेतली, १९७८ ला तिची गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झाली आणि १९९९ ला महिंद्राने मोठा हिस्सा घेतला. म्हणजे भरूच-बडोद्याच्या काळ्या कानम जमिनीत कपाशीसाठी ज्यांनी नांगर ओढला ते ट्रॅक्टर आपल्याच शहरातल्या लोकांच्या हातचे. आणि ते हात अजून शहरात होते! आमच्या जुन्या घराच्या मागच्या गल्लीत एक काका राहायचे, त्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. अण्णांनी त्यांना बोलावलं. काका आले, ट्रॅक्टरकडे बघितलं, आणि पान्याला हात लावायच्या आधी माझ्याकडे वही मागितली.

आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी तिथून धरते. काकांचं म्हणणं होतं की जो पार्ट काढाल त्याचं माप आधी लिहा, मग तो साफ करा, कारण गंज काढताना धातू पण जातो, आणि तुटका पार्ट पण सांगतो मूळचा केवढा होता. पिन झिजली असेल तर जिथे घासत नाही ते टोक मोजा, तिथे कारखान्याचं माप अजून शिल्लक असतं. बुश आतून अंडाकृती झाला असेल तर बाहेरचा व्यास घ्या. ऑइल सीलचे तीन आकडे, आत, बाहेर आणि जाडी. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ग्रीस पुसलं की दिसतो, आणि तो नंबर असला की ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा आहे हे दुकानदाराला सांगायची गरजच पडत नाही. मी बी.कॉम. शिकलेली, मला मशीनमधलं काही येत नव्हतं पण वही लिहिता येत होती. ती पहिली वही आज पण माझ्या टेबलावर आहे, आणि तिच्यानंतर कपाट भरलंय.

इंजिन जाम होतं. जाम इंजिनाला लोक काय करतात, दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून गिअरमध्ये टाकून ओढतात. कधी सुटतं पण, पण रिंगा तुटतात, लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) ओरखडे पडतात, आणि नशीब वाईट असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही नोझल (डिझेल फवारणारे) काढून त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल घालून ठेवतो आणि वाट बघतो. रोज थोडं घालायचं, फ्लायव्हीलच्या दातांना सळई लावून एकदा पुढे एकदा मागे हलकं दाबायचं, जोर करायचा नाही. एक केसभर हललं की काम झालं समजायचं. नाहीच हललं तर हेड काढून वरून लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकायचं, ते पण शेवटचा उपाय म्हणून. त्या हिंदुस्तानचं इंजिन हेड न काढता सुटलं, आणि त्या दिवशी अण्णांनी सगळ्या शेडला जलेबी-फाफडा खिलवला.

गंज काढायच्या पद्धतीवर मला थोडं जास्त लिहायचंय कारण लोक इथेच सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. सरसकट हवेच्या दाबाने वाळू मारून आणतात आणि म्हणतात बघा बेन, चकाचक करून आणला. वाळू बेअरिंगमध्ये, सीलमध्ये, ऑइलच्या गल्ल्यांत जाऊन बसते आणि इंजिन चालू झालं की आतून खाते. शिवाय त्या धुळीने कारीगराची फुफ्फुसं कायमची जातात, सिलिकोसिस म्हणतात, त्याला औषध नाही. आमच्याकडे वाळू नाहीच. लहान आणि मध्यम पार्टसाठी आम्ही टाकी लावलीय, प्लास्टिकच्या पिंपात पाणी, धुण्याचा सोडा (खायचा नाही), आणि बॅटरी चार्जर. पार्टला निगेटिव्ह, आणि बाजूने लोखंडी पत्रे लटकवून त्यांना पॉझिटिव्ह. गंज सुटा होऊन येतो आणि खालचं चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं, कास्टिंगवरचे नंबर पण वाचता येतात. पण तीन गोष्टी पाळायच्या. उघड्यावर करायचं कारण हायड्रोजन निघतो आणि ठिणगी पडली तर भडका. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि ॲल्युमिनियमचा पार्ट आत टाकायचा नाही, सोडा तो खाऊन टाकतो. स्प्रिंगा आणि हाय टेन्साइल बोल्ट पण आम्ही टाकीत टाकत नाही, हायड्रोजनने ते ठिसूळ होतात, त्यांना वायर ब्रश आणि रॉकेलच बरं.

मोडलेले स्टड हा वेगळाच विषय. वरून वॉशर आणि नट ठेवून आतून वेल्डिंग भरायचं, त्या उष्णतेनेच निम्मा गंज सुटतो, लाली गेली की गरम असतानाच मेण लावायचं, ते आट्यांत ओढलं जातं, आणि मग पान्याने हळूहळू पुढे-मागे. दीर ह्यात इतका तरबेज झालाय की आता दुसरे गॅरेजवाले त्याला बोलावून नेतात.

तो पहिला ट्रॅक्टर पादऱ्याला परत गेला तेव्हा गावातून अजून दोन चौकशा आल्या, मग डभोईहून, करजणहून. हिंदुस्तानच नाही, लाल इंटरनॅशनल बी-२७५, मॅसी १०३५, जुने एस्कॉर्ट, पिंजोरचे एचएमटी पण. प्रत्येकाचं घराणं वेगळं. हिंदुस्तान आणि एचएमटी झेटरच्या घराण्यातले म्हणून सगळं मेट्रिक, आणि मॅसी, इंटरनॅशनल हे इंग्लंड-अमेरिकेच्या वळणाचे म्हणून आटे इंचातले. हे माहीत नसलेला मिस्त्री जवळपासच्या मापाचा बोल्ट जोर लावून आवळतो आणि कास्टिंगचे आटे मारून ठेवतो. असे किती तरी हाऊसिंग आमच्याकडे आलेत, भरून परत आटे पाडायला. मॅसी आणि इंटरनॅशनलचे पार्ट अजून बाजारात मिळतात, पण एचएमटीचं पिंजोरचं युनिट बंद करायचा निर्णय २०१६ ला झाला तेव्हापासून त्याचे पार्ट आटत चाललेत, आणि हिंदुस्तानचे तर जुन्या दुकानांच्या माळ्यावर असतील तेवढेच. म्हणून वही. आमच्याकडे आता ज्या पिना, बुश, लिंकेजचे बॉल, वॉटर पंपचे शाफ्ट लागतात त्यातले बरेचसे आम्हीच बनवतो, पिनांना ईएन-८ पोलाद किंवा जोर जास्त असेल तिथे त्याहून दणकट ईएन-२४, बुशला गनमेटल. डिझेल पंप मात्र आम्ही उघडत नाही. तो ज्याच्याकडे कॅलिब्रेशनचं मशीन आहे त्याच्याकडेच जातो, ह्यात अण्णांनी पण कधी हट्ट केला नाही.

ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं ते सगळ्यांना आठवत असेल. आमचं शेड वाचलं, पण नंतरचे कित्येक आठवडे आमच्याकडे फक्त बुडालेले ट्रॅक्टर येत होते, जुने आणि नवीन पण. फोन आला की मी एकच गोष्ट ओरडून सांगायचे, चावी फिरवू नका! सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. आधी इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट थोडा ढिला करा, पाणी जड म्हणून खाली बसलेलं असतं ते आधी येईल, मग ऑइल. नोझल काढा, हाताने फिरवा, पाणी बाहेर उडू द्या. डिझेलने धुवा, नवीन ऑइल घाला, आणि गिअरबॉक्स-हायड्रॉलिकचं पण ऑइल बदला कारण तिथे पण गाळ गेलेला असतो. ज्यांनी हे दोन-चार दिवसांत केलं त्यांचे ट्रॅक्टर थोडक्यात सुटले. ज्यांनी विम्यावाल्याची वाट बघत तसेच उभे ठेवले त्यांच्या लायनरला गंजाची पट्टी बसली आणि सगळं इंजिन खोलावं लागलं. त्या काळात आम्ही फोनवर सांगायचे पैसे घेतले नाहीत, आणि त्यातले अर्धे लोक आज आमचे कायमचे गिऱ्हाईक आहेत.

पहिल्यांदा स्टार्ट करायची वेळ आली की शेडमध्ये सगळे हातातलं काम सोडून येतात. आधी स्टॉप ओढून ठेवून सेल्फ मारायचा, ऑइलचा काटा वर येईपर्यंत. मग डिझेलमधली हवा काढायची. आणि एक माणूस लाकडाची जाड फळी घेऊन हवेच्या नळीपाशी उभा असतोच असतो, कारण बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) अडकली असेल तर इंजिन सुसाट पळतं, चावी किंवा स्टॉपने थांबत नाही, हवा बंद केली की लगेच थांबतं. ती फळी आमच्याकडे खुंटीवर टांगलेली आहे, तिच्याशिवाय स्टार्ट नाही.

कलरचं बोलायचं तर मूळ रंग शोधायचा असेल तर डिझेल टाकीच्या पट्ट्याखाली बघा, तिथे ऊन लागलेलं नसतं. आम्ही इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-के (हार्डनर मिसळायचा) पेंट मारतो, मास्क लावूनच. पण खरं सांगते, मला तो ट्रॅक्टर जास्त आवडतो ज्याचा रंग फिका आहे आणि हायड्रॉलिक नांगर उचलून धरतं. लग्नाच्या वरातीत मिरवायला क्रोम चढवून द्या म्हणणारे पण येतात, त्यांना मी नाही म्हणते. आणि ज्याचं चेसिस किंवा गिअरबॉक्सचं हाऊसिंगच फुटलंय, त्याला पण पहिल्याच दिवशी सांगते की काका, ह्यात पैसे घालू नका, ह्याचे चांगले पार्ट दुसऱ्या ट्रॅक्टरला जीव देतील.

अण्णा आता नाहीत, फिटरकाका पण थकलेत, घरूनच फोनवर आवाज ऐकून सांगतात टॅपेट आहे की रॉकर. आम्ही दोन मुलं शिकायला ठेवलीत, आयटीआय झालेली, आणि त्यांना पहिले काही महिने फक्त मोजायला आणि लिहायला लावतो. एक सुरतेहून आलेला मुलगा आहे, त्याने सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायला घेतल्यात, प्रत्येक पार्टच्या फोटोसकट. कुणा मिस्त्रीला हिंदुस्तान किंवा एचएमटीच्या पार्टचं माप हवं असेल तर आम्ही देतो, लपवून काय करायचं.

ट्रॅक्टर आणायचा असेल तर आरसी बुक आधी बघा. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर वारसाची कागदपत्रं लागतील, नोंदणीची पंधरा वर्षं उलटली असतील तर रिन्यूअल राहिलंय का ते आरटीओत विचारा, त्याला वेळ जातो म्हणून काम चालू असतानाच ते उरकून घ्या. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर काढून आणा, रिम आतून सडलेली असते ती आम्हाला बघायची असते. टाकी वेल्डिंगला कुणाकडे देऊ नका, रिकाम्या टाकीत पण डिझेलची वाफ असते, ती आधी नीट धुवून पाण्याने भरूनच झाळायची. आणि पत्र्याच्या डब्यात, गोणीत, खाटेखाली जे काही तुटकं-फुटकं पडलं असेल, वाकलेली पिन, अर्धा गिअर, गंजलेला नट, ते सगळं सोबत आणा. त्यातलं काय उपयोगाचं ते आम्ही मोजून ठरवू. शेड सोमवार ते शनिवार उघडं असतं.