सकाळी अकराचा तोल, पहाटे पाचचा तोल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. म्हाताऱ्या माणसांचा तोल तपासणं हे रोजचं काम. बर्ग स्केलमध्ये १४ कृती असतात: खुर्चीतून उठणं, डोळे मिटून उभं राहणं, मागे वळून बघणं, एका पायावर तोल सावरणं. गुण ५६ पैकी. ४५ च्या खाली आकडा गेला की आम्ही सावध होतो.

या काकांना ५२ मिळाले. वय ७४, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, जुना मधुमेह. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायला साडेदहा सेकंद. तरीही घरी दोनदा पडलेले, दोन्ही वेळा पहाटे लघवीला उठल्यावर. दुसऱ्यांदा भुवईला टाके पडले. आधीच्या केसपेपरवर एकच शब्द, 'वयोमानानुसार'. या शब्दाची मला चीड आहे. त्यात निदान नसतं, पेशंटला घरी लावून द्यायची घाई असते.

मुलगा म्हणाला, "ताई, तुमच्यासमोर बाबा ठणठणीत असतात."

म्हणून मी पहाटे त्यांच्या घरी गेले. त्यांना उठवायचं नाही, नेहमीचा झिरोचा बल्बच ठेवायचा, असं मुलाला बजावलं होतं. पाचच्या सुमारास त्यांना जाग आली. आडवे असतानाच बीपी घेतलं: १३८. उभं राहिल्यावर मिनिटाभरात १०८. वरचं बीपी २० नं उतरलं तरी आम्ही ते धोक्याचं धरतो. मग तेच तीन मीटर चालायला लावलं. पाय फाकलेले, नजर फरशीवर, वळताना हात थेट कपाटाला. १७ सेकंद.

काकांच्या पायांच्या अंगठ्यांना ट्यूनिंग फोर्कची, म्हणजे संवेदना तपासायच्या कंप पावणाऱ्या चिमट्याची, थरथर कळत नाही, हे ओपीडीतच दिसलं होतं. दिवसा तळव्यांची उणीव डोळे भरून काढतात, अंधारात तो आधार जातो. त्यात रात्री घेतलेली, बीपी उतरवू शकणारी प्रोस्टेटची गोळी, पहाटे उतरलेलं शरीराचं तापमान, झोपेचा अंमल. यातलं नेमकं किती कशामुळे, ते मला अजून सुटं करता येत नाही. गोळीचं डॉक्टर बघताहेत. पलंगापाशी लघवीचं भांडं ठेवलं, चांगला दिवा लावला, आणि आधी कडेला बसून घोटे हलवायचे, मगच उठायचं, हे काकांकडून घोटून घेतलं.

रिपोर्टमध्ये मी दोन्ही वेळा आणि दोन्ही आकडे लिहिले. वरिष्ठ म्हणाले, "फॉर्मात वेळेचा रकानाच नाही." तो नाही, हीच तर माझी तक्रार आहे. आमच्या रजिस्टरमधले सगळे आकडे दहा ते एकच्या दरम्यानचे आहेत; तेव्हा माणूस जागा असतो, चहा-नाश्ता झालेला असतो, खोलीत लख्ख उजेड असतो. पन्नासच्या वरचे गुण बघून आम्ही ज्यांना निर्धास्त घरी पाठवलं, त्यांच्यातले किती जण पहाटे भिंत धरून चालत असतील?

पहाटे पडलेल्या पेशंटची तपासणी घरी जाऊन, त्याच वेळेला व्हावी, असा अर्ज दिलाय. "एवढ्या पहाटे जाणार कोण?" असं विचारलं गेलं. मी जाईन, हे लेखी दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही.