लाईट गेली आणि दरबार भरला

बेळगावातल्या एका पीयू (म्हणजे अकरावी-बारावीच्या) कॉलेजच्या लायब्ररीत मी काम करते. आमच्याकडची निम्मी पोरं खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मिडीयम आणि इथं आल्यावर एकदम सगळं इंग्लिश, वर कन्नड आहेच. त्यामुळे इंग्लिश कादंबऱ्यांचा 823 नंबरचा रॅक म्हणजे नुसती धूळ पुसायची जागा. पण त्याच रॅकवरचं एक जाडजूड यंग अडल्ट फँटसी पुस्तक गेले काही महिने परत आलं की लगेच पुन्हा इश्यू व्हायचं, आणि प्रत्येक वेळी आत खुणेला बसचं झिरो तिकीट (जून 2023 ला कर्नाटकात बायकांना बसप्रवास फुकट करणारी शक्ती योजना सुरू झाल्यापासून आमच्या पोरींना बुकमार्कचा तुटवडा नाही). पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट थोडी फोडणार आहे.

त्या दिवशी जुलैचा पाऊस, म्हणजे आपला बेळगावचा पाऊस, जास्त सांगायला नको. दुपारीच लाईट गेली, कॉम्प्युटर बंद, खानापूरकडच्या बसेस लेट, म्हणून सगळ्या पोरी रीडिंग हॉलमध्ये येऊन बसल्या. नंदगडकडची एक मुलगी आहे, पुस्तक तिच्याकडे होतं, तिला बाकीच्या म्हणाल्या, पुढं काय झालं सांग की गे. मी गप्प करणारच होते पण अंधारात अभ्यास तरी कोण करणार, म्हटलं चालू दे.

तर गोष्ट अशी की दोन राज्यांत तह होतो आणि तहाची ओलीस म्हणून एका राजाची मुलगी दुसऱ्याच्या दरबारात पाठवायची असते, पण हा राजा मुलगी पाठवतच नाही, खलिते लिहिणाऱ्या कारकुनाची पोर नटवून पाठवतो. "बगा, तिथं समदी गोड बोलत्यात," ही सांगत होती, "पण कोण कुणाचं ते कळत न्हाई. हिला एकच येतंय, अक्षर वळखायला." मग राजाचा शिक्का चोरीला जातो, खोटी पत्रं फिरायला लागतात, आणि शत्रूचा राजपुत्र रोज रात्री पत्रं वाचून दाखव म्हणून हिला बोलवायला लागतो. इथं पोरी खुसखुसल्या. तेवढ्यात आमचे अटेंडर मामा मेणबत्ती घेऊन आले आणि तिथंच उभे राहिले, त्यामुळे पुढचा सीन "मग ती दोघं बोलतात" एवढ्यावर आटपला. पुस्तकात तो तीन पानं आहे, मी वाचलंय.

मामांना त्या बोलण्याचं काही पडलं नव्हतं. "शिक्का कुणाकडं हाय ते सांग आधी," म्हणाले. आणि मग, "म्हणजे आपली चंद्रकांताच की ही!" त्यांनी 1994 ची दूरदर्शनवरची सिरीयल बघितलेली. मूळ हिंदी कादंबरी 1888 ची, त्यातही दोन राज्यांचं वैर, मधे राजकुमार-राजकुमारी आणि वेष बदलणारे ऐयार. आणि 1871 चं मोचनगड लिहिणारे गुंजीकर तर आपल्या जांबोटीचे, ती कादंबरी मासिकातून क्रमशः यायची. वाचणाऱ्यांना अर्ध्यात लटकवून ठेवायचा धंदा आपल्याकडेही जुनाच आहे, हे मी सांगायला गेले, कुणी ऐकलं नाही.

कारण तोवर वाद पेटला होता. एक म्हणाली तिनं त्याला खरं सांगून टाकावं. दुसरी उसळली, "खुळी काय गे तू? खरं सांगितलं तर तह मोडतोय, हिच्या बापाचं मुंडकं जातंय!"

स्टाफरूममध्ये ह्या पुस्तकांना लव्हस्टोरी म्हणून मोडीत काढतात. मला नाही पटत. नुसतं प्रेम असतं तर शंभर पानांत उरकलं असतं, इथं "तू मला आवडतोस" म्हणण्यावर दोन राज्यं टांगलेली असतात म्हणून चारशे पानं वाचली जातात, तेही डिक्शनरी शेजारी घेऊन. आणि ह्या पोरी सतरा वर्षांच्या. स्वयंपाकघरात आई आणि आत्या हळू बोलायला लागल्या की कुणाचं स्थळ आलंय हे भिंतीपलीकडून ओळखणाऱ्या. कोण काय लपवतंय, कुणापुढं काय बोलायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवायला लागत नाही. त्या कारकुनाच्या पोरीला दरबारात जे जमतं ते ह्यांना घरात जमतं, फक्त तिथं त्याला किंमत आहे.

वाद चालू असताना रॅकमागे फिजिक्सचं पुस्तक उघडून बसलेला एक मुलगा मधेच बोलला, "पण तो हिच्याकडून पत्रांच्या नकला पण लिहून घेतोय म्हणालीस न्हवं? राजकन्या येवढं कारकुनी अक्षर कसं काढंल? त्याला पयल्यापासनं ठाऊक असणार."

सगळ्या गप्प. सांगणारीचा चेहरा असा झाला की उत्तर द्यायची गरजच उरली नाही. "तू वाचलायस!" ती ओरडली. त्यानं खरंच वाचलं नव्हतं, त्याच्या नावावर ते कधी इश्यू झालेलं नाही.

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी बस आली म्हणून हाक मारली, सगळ्या छत्र्या घेऊन पळाल्या, पुस्तक टेबलावर तसंच, आणि पोरानं गुपचूप कार्ड पुढं केलं. नियमानं त्यालाच दिलं. त्यानं ते वाचलं आणि फितूर कोण ते भर वर्गात फोडलं, दोघीजणी अजून त्याच्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या भागाच्या दोन प्रती मी परचेस लिस्टमध्ये टाकल्यात, मंजूर होतील असं वाटतंय. मामांना शिक्का कुणाकडं होता ते शेवटी मीच सांगितलं. "मला वाटलंच होतं," म्हणाले, जे साफ खोटं आहे.