कोल्हापूर ते गगनबावडा: तरण्या पावसात ढग ओळखत एक दिवस

ढगांचे प्रकार आणि हवामानाचा अंदाज एकाच दिवसात ताडून बघायचा असेल, तर जुलैत तरणा पाऊस लागल्यावर गगनबावड्याचा रस्ता धरावा. अंतर जेमतेम 55 किलोमीटर. पण शहरात वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस, तर गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढे. हा फरक ढगांत कसा दिसतो ते बघण्यासाठीच ही फेरी होती.

आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्हा इशारा उघडा. त्यात ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापूर घाट’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. बरेचजण पहिली ओळ वाचून निघतात आणि घाटात अडकतात. आमच्या दिवशी शहराला पिवळा इशारा होता, घाटाला नारंगी. भाषाही नीट वाचायला हवी. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणजे हलका पाऊस नव्हे. तुरळक हा शब्द जागांबद्दल आहे: भागातल्या जास्तीत जास्त पाव पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस, पण जिथे पडेल तिथे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर. 115.6 पासून अति मुसळधार सुरू होतो. पेपरात येणारा गगनबावड्याचा आकडा सकाळी साडेआठ ते साडेआठचा, म्हणजे होऊन गेलेल्या पावसाचा असतो. त्यावरून आजचा दिवस ठरवू नका.

निघण्याआधी शिवाजी पुलाजवळून जोतिबाच्या डोंगराकडे नजर टाकावी. डोंगर शहरापेक्षा चारेकशे मीटर उंच, त्यामुळे ढगांचा तळ किती खाली आहे ते फुकटात कळतं. आकडेमोडही सोपी आहे: मोबाइलवर तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंबांत बदलू लागते) बघा, वजाबाकी करा आणि 125 ने गुणा. सकाळी 25 आणि 23 अंश होतं, म्हणजे तळ शहरापासून सुमारे 250 मीटरवर. जोतिबा आणि पन्हाळा दोन्ही ढगात गडप होते, हिशेब जुळला. फरक चार अंशांच्या वर गेला तर माथे मोकळे दिसायला हवेत. पाऊस चालू असताना मात्र हे गणित चुकतं, कारण पडणाऱ्या थेंबांनी खालची हवा ओली होते आणि मूळ तळाच्या खाली नवे ढग तयार होतात.

फुलेवाडी, बालिंगे ओलांडून कळे गावापर्यंत आभाळात स्ट्रॅटोक्युम्युलस होते: करडे, मोठमोठे गठ्ठे, मधून उजेडाच्या फटी. हे कधी भुरभुर देतात, कधी काहीच नाही. ते अल्टोक्युम्युलस (जास्त उंचावरचे, लहान गठ्ठ्यांचे) तर नाहीत ना, ही शंका येते. हात लांब करून तीन बोटं आडवी धरावीत. गठ्ठा बोटांबाहेर गेला तर स्ट्रॅटोक्युम्युलस, बोटांमागे लपला तर अल्टोक्युम्युलस, करंगळीमागे लपला तर त्याहून उंचावरचा सिरोक्युम्युलस. क्षितिजाजवळचे ढग लांबून लहान दिसतात, म्हणून मोजमाप डोक्यावरच्या भागातच करा.

असळजच्या पुढे फटी मिटल्या. आभाळ एकसारखं राखाडी, सूर्य कुठे आहे तेही कळेना, पाऊस न थांबता एका लयीत: हा निम्बोस्ट्रेटस. त्याच्या पोटाखालून चिंध्यांसारखे गडद ढग पश्चिमेकडून वेगाने सरकत होते. तळ ठरवताना या चिंध्यांनी फसू नका. मुख्य थर त्यांच्या वर असतो. विजा नाहीत, गडगडाट नाही, तरी पाऊस जबर. अरबी समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढते, थंड होते आणि तिथल्या तिथे रिकामी होते. पूर्वेकडे तीच हवा उतरते, थोडी तापते आणि कोरडी पडते, म्हणून कळ्याला नुसती भुरभुर.

घाटात धुकं किती असेल, याचा हिशेब कोल्हापूरच्या आकड्यांवर करायचा नाही. गगनबावड्याची हवा कोकणातून येते, तेव्हा घाटाखालच्या वैभववाडीचं तापमान आणि दवबिंदू घ्या. 27 आणि 24 असेल तर तळ वैभववाडीपासून 375 मीटरच्या आसपास, आणि गगनबावडा त्याहून बराच उंच. म्हणजे गाव ढगाच्या आत. गगनगडावर अगदी तेच झालं, दहा पावलांपुढची पायरी दिसत नव्हती. दरी बघायचा हट्ट असेल तर हा फरक पाच-सहा अंशांचा असलेला दिवस निवडा. जुलैत तो क्वचितच मिळतो, सप्टेंबरअखेर मिळतो.

रडारवरही फार विसंबू नका. गोव्याचं रडार इथून साधारण सव्वाशे किलोमीटरवर. किंचित वर रोखलेला असल्याने आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा झोत इथे पोचेतो समुद्रसपाटीपासून दोनेक किलोमीटर वर गेलेला असतो. घाटातला बराच पाऊस त्याच्या खालीच तयार होतो. पडद्यावर फिका ठिपका आणि रस्त्यावर धो धो, असं होतं ते यामुळे. त्यापेक्षा विंडी या हवामान अ‍ॅपवर 850 हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा वारा बघा. पश्चिमेचा वारा ताशी 40 किलोमीटरच्या वर असेल आणि किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा असेल, तर आमच्या मते गगनबावड्याला जाऊच नये.

एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात प्रकार वेगळा. तेव्हा दुपारी क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या ढिगासारखे ढग, उभे वाढतात. फुलकोबीसारख्या कडा पुसट होऊन माथा सपाट पसरू लागला की तो क्युम्युलोनिम्बस, म्हणजे विजांचा ढग झाला. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर असाल तर लगेच उतरा. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंत 30 सेकंदांहून कमी गेले, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बंद गाडीत किंवा पक्क्या घरात थांबा. झाडाखाली आणि दुचाकीवर नाही. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप सोबत असू द्या.

ढगातून गाडी चालवताना लो बीम लावा. हाय बीमचा उजेड थेंबांवरून डोळ्यांत परत येतो. गगनबावड्याहून वैभववाडीकडे उतरणारा करूळ घाट दरडींमुळे मध्येच बंद होतो, तो चालू आहे का ते सकाळीच विचारा.

परतीची वेळ दुपारी तीनच्या पुढे नेऊ नका. घाटात पडलेलं पाणी कुंभी नदीतून काही तासांनी खाली येतं, आणि मांडुकली, लोंघे, किरवे इथे रस्त्यावर चढतं. तोवर पाऊस उघडलेलाही असतो, म्हणून लोक गाफील राहतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाइलवर बघत राहा: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. ती 39 कडे सरकत असेल तर निघूच नका. रस्त्यावर फूटभर वाहतं पाणी असेल तर छोटी गाडी घालायची नाही, पुढची एसटी गेली तरी नाही. करूळ उघडा असेल तर वैभववाडी, फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी असा वळसा आहे. पण अंधार पडल्यावर तोही टाळा आणि गगनबावड्यातच मुक्काम करा.