तानपुऱ्यांच्या मध्ये

रविवार, रात्री

दिवसभर पावसाची रिपरिप. गंगेचं, म्हणजे आमच्या नाशकातल्या गोदावरीचं, पाणी चढलंय असं खालच्या मजल्यावरचे काका सांगून गेले, पण मी आज घरातच. दिवेलागणीला आयईएम, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इन-इअर मॉनिटर इअरफोन, कानात घातले आणि यमन रागाचा बडा ख्याल लावला. तो संपल्यावर दुसरं काही लावावंसंच वाटलं नाही. जे ऐकलं ते विसरायच्या आत लिहून ठेवतो.

ध्वनिमुद्रण अलीकडचं आहे. गाणं सुरू व्हायच्या आधी नुसते तानपुरे वाजतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. आधी पंचम (प), मग सा च्या जोडाच्या दोन तारा, मग खर्ज, म्हणजे खालचा सा. खर्ज छेडला की तो विरता विरता त्यातून गंधार (ग) वर येतो. गंधाराची तार तानपुऱ्यात नसतेच. तरी तो येतो, म्हणून तो स्वयंभू. आई रियाजाला बसायची तेव्हा मध्येच थांबून मला म्हणायची, 'ऐक, आला बघ.' मला तो कधी सापडायचा, कधी नाही. आज खर्जाच्या प्रत्येक छेडीला आला.

या गवयाचा सा काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी). म्हणजे जोडाच्या तारा साधारण 138.6 हर्ट्झवर आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, 69.3 वर. तार कंप पावते तेव्हा मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वरही तिच्यातून निघत असतात. खर्जाची पाचपट होते 346.5 हर्ट्झ, आणि तोच शुद्ध गंधार. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा झणकार, खुलवायची ती हे वरचे स्वर उजळावेत म्हणूनच. पेटीचा गंधार याहून सुमारे 14 सेंट चढा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका. यमनात गंधार वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर. गवई त्याच्यावर येऊन थांबला आणि त्याचा आवाज तानपुऱ्यातून उगवलेल्या गंधारात असा मिसळला, की कुठला गळ्याचा आणि कुठला तारेचा हे मला वेगळं काढता येईना. पेटीवाल्याने त्या जागी हात आखडता घेतला होता. किती समजूतदार साथ!

घरच्या स्पीकरवर हीच चीज मी पुष्कळदा ऐकली आहे. तिथे पंखा असतो, रस्ता असतो, शेजारचा मिक्सर असतो, आणि विरत जाणाऱ्या खर्जाचं शेपूट त्यात बुडून जातं. आयईएम कानाच्या नळीत घट्ट बसले की बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबलने तरी खाली जातो. पण घट्ट बसायला हवेत. टिप, म्हणजे कानात जाणारं मऊ टोपण, जरा सैल राहिली की आधी खालचे स्वर निसटतात, खर्ज पोकळ वाटतो आणि मग लोक इअरफोनला नावं ठेवतात. दिवाळीच्या बोनसचा मोठा भाग मी यात घातला, त्याचं वाईट वाटत नाही. तरी माझं ठाम मत आहे की पैसे ड्रायव्हर (इअरफोनमधले आवाज काढणारे भाग) मोजण्यात घालवण्याआधी माणसाने आपल्या कानाच्या मापाची टिप शोधावी. मला स्वतःला फोमच्या टिप्सच मानवतात.

ही वस्तू मुळात श्रोत्यांसाठी नव्हतीच, आणि आज मला त्याचंच विशेष वाटतंय. 1995 मध्ये जेरी हार्वे या ध्वनी अभियंत्याने अ‍ॅलेक्स व्हॅन हॅलेन या रॉक ड्रमवादकासाठी कानात बसणारे मॉनिटर बनवले, ते मंचावरच्या गदारोळात त्याला हवं ते नीट ऐकू यावं म्हणून. आपल्याकडे ख्यालगायकाच्या मागे दोन तानपुरे बसतात ते याच कामासाठी. आपण समोर सतरंजीवर असतो. आपल्यापर्यंत तानपुरा पोचतो तो तबला-पेटी ओलांडून, थोडा पुसट होऊन. गवयाला मात्र तो दोन्ही कानांमागून थेट मिळतो. आज डावी-उजवीकडे ते दोन तानपुरे ऐकताना मला श्रोत्याची नव्हे, गवयाची जागा मिळाली होती. गंधार लावायच्या आधी तो काय ऐकत असेल, ते मी ऐकत होतो.

आईला बोलावलं. तिने गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायनाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्यात, पुढे संसारात राहून गेलं. कानात काही घालायला ती आधी तयार नव्हती. मग बसली, आणि पहिली गोष्ट म्हणाली, 'आवाज कमी कर रे. तानपुरा मोठा करून ऐकायचा नसतो.' थोड्या वेळाने म्हणाली, 'उजवीकडचा पंचम किंचित उतरलाय.' मी परत लावून पाहिलं. खरंच उतरलाय, केसभर.

आवाज कमी करण्याबद्दल ती म्हणते ते मी कामामुळेही पाळतो. सातपूरला प्रेस शॉपमध्ये दिवस जातो, तिथे इअरप्लग लागतातच, आणि मशीनच्या आवाजाने कान पहिल्यांदा 4,000 हर्ट्झच्या आसपास अधू होतो हे ऑडिओग्राममध्ये, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखात, बघितलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात, 90 ला फक्त 4. बाहेरचा आवाज अडला की संगीत हळू ठेवूनही पुरतं, हा माझ्यासारख्याला मोठा आधार आहे. रस्त्यावर मात्र हे घालून मी कधी चालत नाही.

झोपायच्या आधी ख्यालगायक बापूराव पलुस्करांची एक जुनी तबकडी ऐकली. 1921 मध्ये आपल्या नाशकात जन्मलेला माणूस, 1955 मध्ये गेलासुद्धा. 34 वर्षांचं आयुष्य. जुनं मोनो मुद्रण, दोन्ही कानांना एकच आवाज, त्यामुळे गाणं डोक्याच्या बरोब्बर मध्यभागी उभं राहतं. तबकडीची खरखर या इअरफोनवर जास्तच कळते, लपत काही नाही. पण दोन ताना जोडताना घेतलेला श्वासही कळतो. तीन-सव्वातीन मिनिटांत अख्खा राग मांडायचा, तर श्वास कुठे घ्यायचा हेसुद्धा ठरलेलं असणार. तबकडीत तानपुरा जवळजवळ नाहीच, तरी सूर जराही ढळत नाही.

आईला हे ऐकवायचं राहिलं. मधल्या मापाची टिप तिला मोठी होते, सारखी निसटते. लहान मापाच्या मागवल्या आहेत, बुधवारपर्यंत येतील.