डिझेल उतरलं, भाडं नाही

आज कपाट आवरताना 2022 सालच्या वाशी मार्केटच्या दोन पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, सापडल्या. टोमॅटोच्या. एक एप्रिलची, एक ऑगस्टची. मधल्या काळात केंद्राने मे महिन्यात डिझेलवरचं उत्पादन शुल्क 6 रुपयांनी कमी केलं, जुलैत राज्याने व्हॅट आणखी 3 रुपयांनी उतरवला. तरी क्रेटमागचं भाडं दोन्ही पट्ट्यांवर तेच, निळ्या शाईत.

टेम्पोवाल्याला दोष देत नाही. डिझेल चढत होतं तेव्हा त्यानेच महिनोन्‌महिने जुन्या भाड्यात माल नेला, गाडीचे हप्तेही त्याच्याच डोक्यावर. स्वतःची गाडी असलेल्या बागायतदाराचे पैसे वाचले, चांगलंच झालं. पण आमचा वीस गुंठ्यांतला माल दुसऱ्याच्या गाडीत चढतो. पट्ट्या आईला दाखवल्या. तिने भाड्याच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.